साभार परत

हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर, उजव्या कोपऱ्यात, पेन्सिलीनं एकच शब्द लिहिलेला होता : 'नको'. खाली सही नव्हती, तारीख नव्हती. अक्षर मात्र ओळखीचं होतं. मुद्रितांच्या कडेला, जाहिरातींच्या मजकुरावर, रजेच्या अर्जांवर मी ते रोज बघत होते.

तेव्हा मी एका प्रकाशन संस्थेत संपादकीय विभागात नोकरीला होते. आलेली हस्तलिखितं वाचायची, अभिप्राय लिहायचा आणि वर पाठवायचा, हे माझं काम. एरवी अभिप्राय अर्ध्या पानात आटोपायचा. या हस्तलिखितावर मी दोन पानं भरून लिहिलं होतं. सहावं प्रकरण वाचता वाचता कार्यालय रिकामं झालेलं मला कळलंच नव्हतं, हेही त्यात लिहिलं होतं. लेखिकेच्या आधीच्या पुस्तकावरून बराच गदारोळ झाला होता. निषेधाची पत्रकं निघाली, एक कायदेशीर नोटीस गेली, एक कार्यक्रम ऐन वेळी रद्द झाला. ते पुस्तक आमच्याकडचं नव्हतं. या नव्या हस्तलिखितात त्या वादाचा एक शब्दही नव्हता. तरी 'नको'.

उत्तर मीच टाइप केलं. मजकूर ठरलेला होता. 'आपले लेखन वाचले. आमच्या सध्याच्या प्रकाशन-योजनेत ते बसत नसल्याने साभार परत करीत आहोत. कळावे, लोभ असावा.' जावक नोंदवहीत क्रमांक पडला, बाड पाकिटात गेलं. माझा अभिप्राय फायलीतच राहिला.

आठवड्याभरानं लेखिकेचा फोन आला. आवाजात राग नव्हता. ''एकच विचारायचंय,'' त्या म्हणाल्या, ''लिखाण कमी पडलं का?''

''नाही हो, पुढच्या दोन वर्षांच्या योजना भरल्यात आमच्या,'' मी म्हटलं.

''तीन ठिकाणांहून हेच वाक्य आलंय. शब्दाला शब्द. तुम्ही लोकांनी माझं नाव कुठे लिहून ठेवलंय का?''

''छे, असं काही नसतं,'' मी म्हटलं. ते खरंच होतं. त्या तिन्ही प्रकाशकांचं आपसांत बोलणं झालं असण्याची शक्यता मला आजही वाटत नाही. पण फोन ठेवताना आपण धडधडीत खोटं बोललो, असं वाटत राहिलं. ते का वाटलं, हे समजून घ्यायला मला बरीच वर्षं लागली.

काळी यादी हा शब्द आपण सैल हातानं वापरतो. खरोखरीच्या याद्या झालेल्या आहेत, आणि त्यांच्याकडे बघितलं तर हा शब्द किती जड आहे ते कळतं. रोमच्या चर्चनं निषिद्ध ग्रंथांची अधिकृत सूची १५५९ मध्ये काढली आणि ती मोडीत निघायला १९६६ साल उजाडलं. पण तिच्यापेक्षा मला जवळची वाटते ती पॅरिसची यादी. सप्टेंबर १९४४. शहर नुकतंच नाझींच्या ताब्यातून सुटलेलं. प्रतिकार चळवळीतल्या लेखकांच्या राष्ट्रीय समितीनं, शत्रूशी हातमिळवणी केल्याचा ठपका असलेल्या लेखकांची नावं आपल्या पत्रात छापली. लपवाछपवी काही नव्हती. ज्या नियतकालिकात किंवा मालिकेत या यादीतल्या माणसाचा मजकूर येईल तिथे आम्ही लिहिणार नाही, अशी सदस्यांनी शपथच घेतली. प्रकाशकांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही.

त्या यादीत उघड नाझीधार्जिणे होते, तसे झाँ जिओनोही होते. हा माणूस युद्धालाच विरोध करणारा. त्यांचं लेखन व्यापलेल्या फ्रान्समधल्या नको त्या नियतकालिकांत आलं होतं. आरोपपत्राशिवाय काही महिने ते कोठडीत राहिले, आणि १९४७ पर्यंत त्यांना फ्रान्समध्ये पुस्तक काढता आलं नाही. समितीच्या संस्थापकांपैकी एक, झाँ पोलाँ, स्वतः प्रतिकार चळवळीत जीव धोक्यात घालून काम केलेले. या याद्यांवरून त्यांचं सहकाऱ्यांशी फाटलं आणि ते समितीतून बाहेर पडले. लेखकांनी लेखकांचे न्यायाधीश आणि पोलीस व्हावं, हे त्यांना पटेना. पोलाँ मला फार मोठे वाटतात. आपल्या शत्रूची लेखणी काढून घेतली जाताना गप्प राहणं किती सोपं असतं, हे आपण सगळेच जाणतो.

सोव्हिएत रशियात याद्या छापायचीही गरज नव्हती. लेखक संघातून नाव कमी झालं की संपलं, कारण प्रकाशक एकच होता : सरकार. बोरिस पास्तरनाक यांची कादंबरी १९५७ मध्ये इटलीत निघाली, १९५८ मध्ये नोबेल जाहीर झालं, त्याच महिन्यात संघानं त्यांना काढून टाकलं आणि त्यांना पुरस्कार नाकारावा लागला. त्यांच्या मायदेशात ती कादंबरी छापली गेली १९८८ मध्ये. लेखक जाऊन तोवर अठ्ठावीस वर्षं झाली होती.

अमेरिकेतलं उदाहरण थोडं वेगळं आहे, आणि माझ्या प्रश्नाच्या जास्त जवळचं. हॉवर्ड फास्ट हे तिथले खपाचे, लोकप्रिय कादंबरीकार आणि कम्युनिस्ट. एका मदतनिधीला पैसे देणाऱ्यांची नावं संसदेच्या समितीला द्यायला त्यांनी नकार दिला आणि १९५० मध्ये तीन महिने तुरुंगात काढले. रोमन गुलामांच्या बंडावरची 'स्पार्टाकस' ही कादंबरी मनात तिथेच रुजली. बाहेर येऊन लिहून पूर्ण केली, तर एकही मोठा प्रकाशक ती घेईना. शेवटी १९५१ मध्ये त्यांनी ती स्वतःच छापली. आगाऊ पैसे पाठवा, पुस्तक झालं की धाडतो, अशी वाचकांना विनंती करून! पुस्तक हजारोंनी खपलं. पुढे १९६० मध्ये त्यावर सिनेमा आला. त्याची पटकथा लिहिणारे डाल्टन ट्रम्बोही काळ्या यादीतलेच. दशकभर टोपणनावानं लिहिल्यानंतर त्यांचं खरं नाव त्या वर्षी पुन्हा पडद्यावर आलं.

सिनेमावाल्यांनी १९४७ मध्ये निदान उघड निवेदन काढलं होतं की आम्ही या माणसांना काम देणार नाही. फास्टना नाकारणाऱ्या पुस्तक-प्रकाशकांनी असं निवेदन काढल्याचं मला कुठे सापडलं नाही. त्यांनी आपापल्या खोलीत बसून 'नको' म्हटलं असणार. पेन्सिलीनं.

आता आजच्या गोष्टींकडे येते, कारण हल्ली हा शब्द फार ऐकू येतो. मोठ्या नावाच्या एखाद्या लेखकाशी झालेला करार मोडतो आणि तो म्हणतो, मला काळ्या यादीत टाकलं. वूडी ॲलन यांचं आत्मचरित्र हॅशेत या समूहानं ६ मार्च २०२० रोजी रद्द केलं. आदल्या दिवशी तिथले कर्मचारी निषेध म्हणून काम सोडून बाहेर पडले होते. २३ मार्चला तेच पुस्तक दुसऱ्या प्रकाशकानं बाजारात आणलं. मध्ये सतरा दिवस. अमेरिकी सिनेटर जॉश हॉली यांचं पुस्तक सायमन अँड शूस्टरनं जानेवारी २०२१ मध्ये, संसद भवनावरच्या हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी, रद्द केलं. मे महिन्यात ते रेग्नरी या प्रकाशनाकडून आलं, आणि रेग्नरीच्या पुस्तकांचं वितरण तेव्हा सायमन अँड शूस्टरकडेच होतं. म्हणजे छपाईला नकार देणाऱ्याच कंपनीच्या व्यवस्थेतून ते दुकानात पोचायचं होतं. ब्रेट ईस्टन एलिस यांची 'अमेरिकन सायको' १९९० च्या नोव्हेंबरात एका प्रकाशकानं सोडली. दुसऱ्यानं ती लगेच उचलली आणि पुढच्या वर्षी काढली.

या लेखकांचं काहीच गेलं नाही असं मी म्हणणार नाही. छपाईला निघालेलं पुस्तक मोडणं ही लेखकाच्या दृष्टीनं भयंकर गोष्ट आहे. पण जिओनो आणि पास्तरनाक यांच्यासाठी वापरलेला शब्द सतरा दिवसांसाठी वापरणं मला सहन होत नाही. कुणाचंही लिखाण छापण्याचं बंधन कुठल्याच प्रकाशकावर नाही. तो त्याचा पैसा, त्याचं नाव, त्याची माणसं पणाला लावतो. त्याला नाही म्हणता आलंच पाहिजे. तिथे काम करणाऱ्या माणसांनाही, आम्हाला हे पटत नाही, असं म्हणता आलं पाहिजे. मी स्वतः ते म्हणू शकले नाही, म्हणून त्याची किंमत मला ठाऊक आहे.

दारं बरीच असली की एका दाराचं 'नाही' सोसता येतं. सगळी मदार त्या संख्येवर आहे. म्हणूनच पेंग्विन रँडम हाउसनं सायमन अँड शूस्टर विकत घेण्याचा घाट घातला तेव्हा मी ती बातमी श्वास रोखून वाचत होते. सौदा सुमारे २.१७५ अब्ज डॉलरचा होता. ऑक्टोबर २०२२ अखेरीस अमेरिकी न्यायालयानं तो अडवला. खटला मुख्यतः भरघोस आगाऊ मानधन मिळणाऱ्या लेखकांच्या बाजूनं लढला गेला, त्याला कायद्याची कारणं असतील. मला मात्र बाजारातून एक अख्खा प्रकाशक कमी होणार, हेच दिसत होतं. वेगवेगळ्या नावांच्या पाट्या लावलेले दहा विभाग एकाच कायदा-सल्लागाराकडे बघत असतील तर ती दहा दारं नव्हेत.

एवढं सगळं मांडूनही त्या फोनवरच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. तिथे ना सरकार एकमेव प्रकाशक होतं, ना कुठे यादी छापली होती. दारं होती. तरी तिन्ही बंद झाली.

जॉर्ज ऑर्वेल यांच्या 'ॲनिमल फार्म'ची हकिगत मी पुन्हा पुन्हा वाचते ती यासाठी. १९४४ मध्ये पुस्तक तयार झालं तेव्हा रशिया ब्रिटनचा दोस्त होता आणि पुस्तकाचा रोख थेट स्टालिनवर. प्रकाशक गोलान्झ यांनी राजकीय कारणानं नाकारलं. जोनाथन केप यांना आवडलं होतं. त्यांनी माहिती खात्यातल्या एका अधिकाऱ्याचं मत घेतलं आणि माघार घेतली. राज्यकर्ते म्हणून डुकरांऐवजी दुसरे प्राणी घेतले असते तर कमी टोचलं असतं, असंही त्यांनी कळवलं. तो अधिकारी पुढे सोव्हिएत हेर निघाला. फेबरकडून टी. एस. एलियट यांनी लेखनाची तारीफ करून नकार दिला : सध्याच्या परिस्थितीवर टीका करायला हा दृष्टिकोन योग्य वाटत नाही. अखेर सेकर अँड वॉरबर्गनं ऑगस्ट १९४५ मध्ये पुस्तक काढलं, तोवर युरोपातलं युद्ध संपलेलं होतं.

एकाला विचारसरणी आडवी आली, एकाला सरकारी सल्ला, एकाला दृष्टिकोन. कुणी कुणाला फोन केला नसावा, करायची गरजही नव्हती. हवा सगळ्यांच्या खोलीत एकच होती. ऑर्वेल यांनी या पुस्तकासाठी एक प्रस्तावना लिहून ठेवली होती, तेव्हा न छापलेली. ब्रिटनमधली साहित्यावरची बंधनं बहुतांशी स्वेच्छेनं पाळलेली आहेत, हा तिचा गाभा. स्वेच्छेनं, हा शब्द मला त्या पेन्सिलीच्या अक्षराइतका ओळखीचा वाटतो.

याच ऑर्वेल यांनी १९४९ मध्ये, क्षयानं अंथरुणाला खिळलेले असताना, ३८ नावांची यादी ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या एका विभागाला दिली. हे लोक मनानं कम्युनिस्ट किंवा त्यांच्याकडे झुकलेले आहेत, सरकारी प्रचाराच्या लेखनासाठी त्यांच्यावर विसंबू नका, अशी. पुस्तक-बंदीची यादी ती नव्हती, आणि तिच्यामुळे कुणाचं पुस्तक अडलं असं मी म्हणत नाही. पण ज्याच्या हस्तलिखितावर 'नको' पडलं होतं त्याच्याच हातून नावं लिहिली गेली, हे वाचल्यावर मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते. माणसं दुष्ट असतात म्हणून याद्या होतात असं नाही. आपण धोका ओळखला आहे, अशी खात्री झालेली चांगली माणसंही त्या करतात.

आणि भीती? तिच्याबद्दल मी घाईनं बोलू शकत नाही. सलमान रश्दी यांच्या 'द सॅटॅनिक व्हर्सेस'चे जपानी अनुवादक हितोशी इगाराशी यांचा जुलै १९९१ मध्ये खून झाला. त्याच महिन्यात इटालियन अनुवादकावर चाकूहल्ला झाला. नॉर्वेतले प्रकाशक विल्यम नीगोर यांना ऑक्टोबर १९९३ मध्ये घराबाहेर गोळ्या घातल्या गेल्या, ते वाचले. अमेरिकेत १९९२ मध्ये त्या कादंबरीची स्वस्त आवृत्ती निघाली ती अनेक प्रकाशकांनी मिळून, 'द कन्सॉर्शियम' अशा सामायिक नावानं, म्हणजे कुठल्याच एका प्रकाशकाचं नाव पुढे येऊ नये म्हणून. आमच्या संस्थेतही पाकिटं बांधणारी, गठ्ठे उचलणारी, दारात बसणारी माणसं होती. दगड आला असता तर तो आधी त्यांना लागला असता. 'नको' लिहिणाऱ्या हाताला ते दिसत असेल, तर त्या हाताला भित्रा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तरीही त्या उत्तराचं काय करायचं? फेब्रुवारी २०१४ मध्ये पेंग्विन इंडियानं वेंडी डॉनिजर यांचं हिंदू धर्मावरचं पुस्तक न्यायालयाबाहेरच्या तडजोडीत मागे घेतलं. निर्णय मला मुळीच पटला नव्हता. पण त्यांनी निवेदन काढून कारण सांगितलं : भारतीय दंड संहितेतलं, धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचं २९५ अ हे कलम, आणि आपल्या कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी. कारण उघड झालं म्हणून त्यावर वाद झाला, लेख आले, कायद्यावर चर्चा झाली. पुढच्या वर्षी दुसऱ्या भारतीय प्रकाशकानं ते पुस्तक पुन्हा आणलं. कारण माहीत असलं की लेखकाला पुढचं दार शोधता येतं. 'योजनेत बसत नाही' या वाक्यावर काय वाद घालणार?

शिवाय लेखन खरोखर नाकारलं जातंच, रोज, कुठल्याही वादाशिवाय. डोरिस लेसिंग यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला 'जेन सोमर्स' या नावानं एक कादंबरी पाठवून पाहिली, तेव्हा त्यांच्या स्वतःच्याच नेहमीच्या प्रकाशकानं ती परत केली. एवढ्या मोठ्या लेखिकेला जर नावाशिवाय ओळखलं जात नसेल, तर वादात सापडलेल्या, फारसं नाव नसलेल्या माणसानं आपल्या पाकिटातलं 'साभार परत' कसं वाचायचं? लिखाण पडलं, की नाव पडलं? मागच्या पुस्तकाचा खप पडला, हीही शक्यता असते. अमेरिकेत २००१ पासून बुकस्कॅन या विक्रीचे आकडे गोळा करणाऱ्या सेवेमुळे लेखकाच्या मागच्या पुस्तकाच्या साधारण किती प्रती गेल्या ते वर्गणी भरणाऱ्या प्रकाशकाला पडद्यावर दिसतं. त्या आकड्यापायी कितीतरी लेखक नाव बदलून लिहितात. कुणाच्याही मतांशी काही देणंघेणं नसलेली ही यादी मला वाटतं सगळ्यांत जास्त लेखकांना आडवी येते, आणि तिच्याविरुद्ध मोर्चा निघत नाही.

मोठ्या नावाच्या लेखकाला निदान बातमीतून कारण कळतं. करार कुणी मोडला, केव्हा, का, सगळं छापून येतं. लहान लेखकाशी करारच होत नाही, त्यामुळे मोडायला काही नसतं. त्याचं नाव कुठल्याच यादीत नसतं, आणि तो आयुष्यभर ती यादी शोधत राहतो.

ती नोकरी सोडून बरीच वर्षं झाल्यावर मी त्या लेखिकेला फोन केला. नंबर मिळवायला वेळ लागला. मी कोण ते सांगितलं, हस्तलिखिताचं नाव सांगितलं, आणि म्हटलं, ''तेव्हा मी तुमच्याशी खोटं बोलले. योजना भरल्या नव्हत्या. आधीच्या पुस्तकाचा वाद झाला होता म्हणून वरचे लोक नको म्हणाले. मी दोन पानांचा अभिप्राय लिहिला होता, घ्यावं असा.''

पलीकडे काही वेळ शांतता होती. त्या रागावतील अशी माझी तयारी होती.

''त्या अभिप्रायाची प्रत आहे तुमच्याकडे?'' त्यांनी विचारलं.

नव्हती. ती फाईल संस्थेतच राहिली होती आणि आता असेल का, मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं.

''मग आठवतंय तेवढं सांगा.''

मी सहाव्या प्रकरणाबद्दल सांगायला लागले. त्यातली म्हातारी बंद पेटीवर हात ठेवून बसते, पण पेटी शेवटपर्यंत उघडत नाही, ते मला का आवडलं होतं. तिसऱ्या प्रकरणातले संवाद थोडे लांबलेत, असंही मी लिहिलं होतं, तेही सांगितलं.

''जरा सावकाश बोला,'' त्या म्हणाल्या. मग कागद उलटल्याचा आवाज आला. ''हां, तिसऱ्या प्रकरणाबद्दल काय म्हणालात? लिहून घेतेय मी.''